शिकागोच्या पलीकडचं इलिनॉय: नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

"इथं बघायला आहे काय? नुसता मका आणि सोयाबीन." नेपरविल, अरोरा, शॉमबर्ग भागात नव्यानं आलेल्या मराठी घरात पहिल्या वर्षभरात हे वाक्य एकदा तरी निघतं. मिलेनियम पार्कातलं आरशासारखं 'बीन' शिल्प बघून होतं, नेव्ही पिअर होतं, लेमाँटच्या देवळात जाऊन होतं. मग लांब सुट्टी आली की गाडी विस्कॉन्सिनकडे नाहीतर थेट टेनेसीकडे वळते. आम्हीही पहिली तीन वर्षं हेच केलं आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. आपण राहतो त्याच राज्यात हजार वर्षांपूर्वीच्या शहराची मातीची टेकडी उभी आहे, पाण्यात पाय बुडवून उभी असलेली हजार वर्षांची झाडं आहेत, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. जवळून लांब, अर्ध्या दिवसापासून चार दिवसांपर्यंत, ज्या क्रमानं जावं असं मला वाटतं त्याच क्रमानं.

आधी बर्फ कुठवर आला होता ते समजून घ्या

इलिनॉय सपाट का, हे कळलं की कुठं जायचं हे आपोआप कळतं. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या प्रचंड बर्फानं या राज्याचा बहुतेक भाग सुतारानं रंधा मारावा तसा तासून काढला आणि बरोबर आणलेली माती पसरून खळगे बुजवले. आजची काळीभोर सुपीक जमीन त्याचीच देणगी. पण हा रंधा सगळीकडे फिरला नाही. वायव्येचा गलीनाकडचा कोपरा सुटला आणि दक्षिणेचं टोकही सुटलं. उत्तर अमेरिकेत बर्फ दक्षिणेला सर्वांत लांब पोचला तो इथंच, इलिनॉयच्या दक्षिणेकडच्या शॉनी टेकड्यांच्या पायथ्याशी, आणि तिथं थांबला.

तेव्हा डोंगर, कडे, गुहा पाहिजे असतील तर या दोन कोपऱ्यांत जायचं. मधल्या भागात बघायचं ते बर्फ वितळताना झालेलं काम: पुराच्या लोंढ्यानं कोरलेल्या घळी, मागं राहिलेल्या हिमखंडांची तळी. आणि अंतराचा अंदाज आधी घ्या. राज्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३९० मैल आहे. शिकागोहून दक्षिण टोकाला जायचं म्हणजे साधारण मुंबईहून गोव्याला जाण्याएवढं अंतर, फक्त रस्ता सरळ.

पहिली पायरी: अर्धा दिवस, घराजवळ

सुरुवात व्होलो बॉगपासून करा. शिकागोच्या वायव्येला इंगलसाइडजवळ ही दलदल आहे. बर्फ मागं हटताना एक मोठा हिमखंड इथं गाडला गेला, तो वितळून तळं झालं, आणि मग काठाकडून शेवाळाची जाड गादी पाण्यावर पसरत आत आली. ती तळाला टेकलेली नाही, तरंगते आहे. तिच्यावरून जवळजवळ अर्ध्या मैलाची फळ्यांची वाट जाते. वाटेचा बराच भागही तरंगता असल्यानं पायाखाली ती किंचित दबते, आणि फळ्यांच्या फटीतून चहाच्या रंगाचं पाणी वर येतं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती पहिल्या वळणावर थांबली, गुडघ्यावर बसली आणि हात फळीवर ठेवून म्हणाली, "आई, जमीन श्वास घेतेय." कीटक खाणारी घटपर्णी तिनं पुस्तकाबाहेर पहिल्यांदा इथंच पाहिली.

ऑक्टोबरात या. टॅमरॅक नावाचं सूचिपर्णी झाड इथं आहे. दिसायला ते पाइनसारखं असलं तरी शरदात त्याच्या सुया सोनेरी होतात आणि गळून पडतात. वाट सोडून गादीवर मात्र पाऊल टाकू नका. ती माणसाचं वजन पेलेलच असं नाही, आणि एकदा तुडवली की भरून यायला फार वेळ लागतो.

दुसरी जागा विल्मिंग्टनजवळचं मिडेविन. हे नाव पोटावाटोमी लोकांच्या भाषेतलं. दुसऱ्या महायुद्धात इथं जोलिएटचा दारूगोळा कारखाना होता. जून १९४२ मध्ये इथं झालेल्या स्फोटात ४८ कामगार गेले. कारखाना बंद पडल्यावर १९९६ साली ही जमीन वनखात्याकडे आली आणि तिथं पुन्हा उंच गवताचं मूळचं कुरण, म्हणजे प्रेअरी, रुजवण्याचं काम सुरू झालं. २०१५ साली बायसनचा, म्हणजे अमेरिकेतल्या केसाळ रानबैलांचा, कळप आणून सोडला. गवताखाली गेलेली, दारूगोळा साठवायची काँक्रीटची कोठारं आणि पलीकडे चरणारे बायसन असं दृश्य मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. दुर्बीण न्याच. कुरण मोठं आहे, कळप दूर असला तर काळे ठिपकेच दिसतात. कुंपणाच्या आत जायचं नाही.

दुसरी पायरी: पूर्ण दिवस, मॅथिसनची घळ

स्टार्व्हड रॉकचं नाव तुम्हाला ऑफिसात पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगेल. जागा सुंदर आहे, पण वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं तिथं जातात. मे-जूनच्या शनिवारी अकरा वाजता पोचलात तर निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात जातो. त्याऐवजी चार-पाच मैल पुढं ओग्ल्झबीजवळच्या मॅथिसन राज्य उद्यानात जा. तोच वालुकाश्म, तशाच घळी आणि गर्दी कितीतरी कमी. ला-सालमधला जस्ताचा कारखानदार फ्रेडरिक मॅथिसन याची ही खाजगी बाग होती.

गाडी लावली की 'डेल्स' असं लिहिलेल्या बाजूला जायचं, लाकडी जिना उतरायचा आणि खालच्या घळीत शिरायचं. दोन्ही बाजूंना पिवळसर भिंती, त्यांवर शेवाळ आणि नेचे, आणि टोकाला ४५ फुटांवरून पडणारा धबधबा. पावसानंतर दोन दिवसांत गेलात तर पाणी भरपूर असतं. ऑगस्टअखेर नुसती धार उरते. जमीन ओली असते, प्रवाह दगडांवरून ओलांडावा लागतो, तेव्हा नवे पांढरे बूट घरी ठेवा.

इथं एक गोष्ट जिवाच्या कळकळीनं सांगते. हा वालुकाश्म हातानं चुरडावा इतका ठिसूळ आहे. फोटोसाठी आखलेली वाट सोडून कड्याच्या काठावर जाऊन माणसं पडल्याच्या बातम्या या भागातून दरवर्षी येतात. मुलांचा हात धरा, आणि मोठ्यांनाही सांगा.

लांब जाण्याआधीची तयारी

इलिनॉयच्या राज्य उद्यानांत प्रवेशशुल्क नसतं, तेव्हा तिकिटाची चिंता नको. बाकीची हवी. दक्षिणेत आणि वायव्येत फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. टाकी अर्ध्यावर आली की भरा. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं असा आमच्या घरचा नियम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात हरणांच्या शिकारीचे दिवस असतात. त्या काळात जंगलात जायचं तर अंगावर भडक नारिंगी काहीतरी हवंच.

गोचिडी हा इथला खरा त्रास. एकदा मोटेलवर परतल्यावर मुलीच्या मोज्याच्या इलॅस्टिकपाशी तिळाएवढं काहीतरी दिसलं. माती समजून मी झटकलं, ते हललं नाही. तेव्हापासून मोजे पँटवर ओढायचे, वाटेच्या मधून चालायचं आणि रात्री गुडघ्यामागं, काखेत, केसांत, कानामागं बघायचं हे ठरलेलं आहे. चिकटलेली असेल तर चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप लावत बसायचं नाही. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावायचा नाही, हेही मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा.

लहान गावांत शाकाहारी माणसाला चीज पिझ्झा आणि फ्राइजपलीकडे फारसं मिळत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की दोन दिवस काळजी नाही. उद्यानांत सहलीची टेबलं जागोजागी असतात.

गाडी नसेल तरी अडत नाही. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून राज्याच्या दक्षिणेतल्या कार्बनडेलला अ‍ॅमट्रॅकची रेल्वे जाते, साडेपाच तासांच्या आसपास लागतात. तिथं पुढच्या दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी घेता येते, पण आधी आरक्षण करा.

तिसरी पायरी: दोन दिवस, वायव्येचा कोपरा

गलीना बहुतेकांना ठाऊक असतं. मी वाटेबद्दल सांगते. आय-८८ नं डिक्सनपर्यंत जा आणि आधी ग्रँड डिटूर या खेड्यात थांबा. रॉक नदीच्या मोठ्या वळशावरून फ्रेंचांनी दिलेलं हे नाव. जॉन डिअर नावाच्या लोहारानं १८३७ साली इथंच तुटक्या करवतीच्या पोलादापासून नांगर बनवला. प्रेअरीची चिकट माती तोवरच्या ओतीव लोखंडाच्या फाळाला घट्ट धरून बसायची, दर काही पावलांवर थांबून ती खरवडावी लागायची. गुळगुळीत पोलादावरून ती घसरून पडली. या राज्यात एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. तिचा आज मूळ स्थितीतला भाग जेमतेम दोन-अडीच हजार एकर उरलाय, त्याची सुरुवात या भात्यापासून झाली.

हे बघून लगेच जवळच्या नाचुसा ग्रासलँड्सला जा. उरलेल्या प्रेअरीचे तुकडे जोडून इथं १९८६ पासून पुन्हा कुरण उभं केलं जातंय, बरंचसं काम स्वयंसेवक हातानं बी गोळा करून करतात. २०१४ पासून इथंही बायसन आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं इतकी असतात की कासचं पठार आठवतं.

पुढं सव्हॅना गावाशी मिसिसिपी पॅलिसेड्सचे चुनखडीचे कडे लागतात. वरच्या सज्ज्यांतून नदीची बेटं आणि फाटे दिसतात, आणि थंडीत पांढऱ्या डोक्याचे गरुडही (बॉल्ड ईगल). तिथून ८४ नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला गलीना. गावाचं नावच शिशाच्या खनिजावरून पडलंय, १८२०-३० च्या सुमारास शिशासाठी इथं झुंबड उडाली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती आणि पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट इथं वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होते. यादवी युद्ध जिंकून आल्यावर गावकऱ्यांनी त्यांना भेट दिलेलं घर आजही बघता येतं. परतीच्या दिवशी तासभर काढून अ‍ॅपल रिव्हर कॅन्यनला जा. नदीकाठी बसून डबा खायला याहून शांत जागा नाही.

चौथी पायरी: चार दिवस, थेट दक्षिणेला

या सफरीसाठीच मी लिहायला बसले. एप्रिलअखेर किंवा ऑक्टोबर निवडा. जुलै-ऑगस्टचा दमटपणा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो आणि डास वेगळे.

पहिला दिवस कहोकियाचा. आय-५५ नं साडेचार-पाच तास, सेंट लुइसच्या अलीकडे कॉलिन्सविलजवळ. साधारण १०५० ते १२०० या काळात इथं एक शहर भरात होतं, दहा ते वीस हजार वस्तीचं. आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं गेलं तोच हा काळ. त्या माणसांकडे चाक नव्हतं, ओझ्याचं जनावर नव्हतं. टोपल्यांनी माती वाहून त्यांनी शंभराहून जास्त टेकड्या रचल्या. सर्वांत मोठी मंक्स माउंड. तिचा पाया सुमारे १४ एकर, उंची शंभर फूट. नाव पडलं ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथं राहिलेल्या ख्रिस्ती साधूंवरून. मूळ रहिवासी शहराला काय म्हणत हे त्यांच्याबरोबरच गेलं. 'कहोकिया' हेही नंतर इथं राहिलेल्या टोळीचं नाव.

दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, पण मध्ये मोठा टप्पा लागतो, तिथं वडीलधाऱ्यांना दम खाता येतो. माझ्या सासूबाई गुडघे धरत चढल्या. वर पोचून त्यांनी खाली वाकून गवत बाजूला केलं, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "एवढी सगळी डोक्यावरून आणली?" मला त्या क्षणी आकडे कळले. वरून सेंट लुइसची कमान दिसते. त्या शहरातही अशा टेकड्या होत्या, एकोणिसाव्या शतकात त्या खणून टाकल्या. कहोकिया वाचलं, आणि १९८२ साली जागतिक वारसा ठरलं. संग्रहालयाची इमारत दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होती, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. टेकड्यांना मात्र वेळ द्याच. सूर्य कुठून उगवतो यावरून ऋतू ओळखायचं लाकडी खांबांचं वर्तुळ पश्चिमेला थोडं बाजूला आहे, ते चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी मिसिसिपीच्या काठानं दक्षिणेला. प्रेरी द्यू रोशे गावाजवळ फोर्ट द शार्त्र हा फ्रेंचांचा दगडी किल्ला आहे, १७५० च्या दशकातला. तटबंदी पुन्हा बांधलेली असली तरी दारूगोळ्याचं कोठार मूळचं आहे आणि राज्यातल्या सर्वांत जुन्या वास्तूंत ते मोजतात. फ्रेंचांकडून तो ब्रिटिशांकडे गेला आणि नदीनं एक भिंत गिळल्यावर ओस पडला.

नदीनं याहून मोठा घास घेतलाय तो कॅस्कॅस्कियाचा. १८१८ साली राज्य झालं तेव्हाची ही राजधानी. १८८१ च्या पुरात मिसिसिपीनं पात्र बदललं, जुनं गाव वाहून गेलं, आणि उरलेला तुकडा नदीच्या पलीकडे, मिसुरीच्या बाजूला पडला. आजही तो इलिनॉयचाच आहे, पण तिथं जायला चेस्टरच्या पुलावरून मिसुरीत शिरून, सेंट मेरी गावावरून वळून जावं लागतं. वस्ती पंचविसाच्याही आत. फ्रान्सच्या पंधराव्या लुईनं दिलेली, १७४१ साली ओतलेली घंटा तिथं एका छोट्या विटांच्या खोलीत जपून ठेवली आहे. १९९३ च्या पुरात हे सगळं बेट पुन्हा पाण्याखाली गेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तिथं कोणी नव्हतं.

मुक्काम कार्बनडेलला करा. विद्यापीठाचं गाव आहे, जेवायला निवड मिळते.

वसंतात १५ मार्च ते १५ मे किंवा शरदात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर कार्बनडेलजवळचा लारू पाइन हिल्सचा अडीच मैलांचा रस्ता पायी चाला. कड्यांच्या कपारीतून दलदलीकडे आणि दलदलीतून कड्यांकडे सापांचं येणंजाणं असतं, म्हणून हा रस्ता वर्षातून दोनदा गाड्यांना बंद करतात. रॅटलस्नेक, कॉपरहेड, कॉटनमाउथ असे विषारीही असतात. पाऊल कुठं पडतंय ते बघायचं, लांबून बघायचं. साप हाताळणं गुन्हा आहे.

तिसरा दिवस शॉनी जंगलातल्या गार्डन ऑफ द गॉड्सचा. फरसबंद वाट जेमतेम पाव मैलाची, पण कठडे मोजकेच आहेत आणि कडा उघडा. सकाळी आठच्या आत पोचा. खडक सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचा आहे. उंटाच्या आकाराचा कॅमल रॉक सगळे बघतात, तो २०१६ च्या पाव डॉलरच्या नाण्यावरही आला. तुम्ही शेजारचे खडक जवळून बघा. त्यांवर लोहाच्या गडद तपकिरी रेषा आहेत, वेटोळ्या, भोवऱ्यासारख्या. लोहमिश्रित भाग कठीण, म्हणून आजूबाजूची वाळू झिजली आणि रेषा वर उचलल्या गेल्या. बोट फिरवलं की कळतात.

दुपारी ओहायो नदीच्या काठावरची केव्ह-इन-रॉक. ५५ फूट रुंद तोंडाची गुहा, थेट नदीकडे उघडणारी. १७९० नंतरच्या काळात नदीवरचे लुटारू इथं दबा धरून बसत. गावातून केंटकीला गाड्या नेणारी फेरी फुकट आहे, मुलांना एकदा पलीकडे नेऊन आणा.

चौथ्या दिवशी कॅश नदीची दलदल. व्हिएन्नाजवळच्या हेरन पाँडच्या वाटेनं जा, आधी उद्यानाच्या कार्यालयात वाटेची स्थिती विचारून. पाण्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या हिरव्या पानांच्या गालिच्यातून बाल्ड सायप्रसचे घंटेसारखे फुगलेले बुंधे वर आलेले दिसतात. इथले काही वृक्ष हजार वर्षांहून जुने आहेत. कहोकियाच्या टोपल्या वाहिल्या जात होत्या तेव्हा ते रुजले. कधीकाळी ओहायो नदीच या दरीतून वाहत होती, म्हणून एवढीशी कॅश इतक्या रुंद खोऱ्यात हरवल्यासारखी वाटते.

तिथून तासाभराच्या आत राज्याचं टोक येतं: केरो. स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचं, उच्चार वेगळा. यादवी युद्धात ग्रँट यांचा तळ इथं होता. नंतरच्या गोऱ्या-काळ्यांच्या संघर्षानं आणि नदीवरचा व्यापार आटल्यानं हे गाव रिकामं होत गेलं. वस्ती दोन हजारांच्या आत आहे. मुख्य रस्त्यावरून गाडी हळू न्या, ओसाड इमारतींचे फोटो काढत फिरू नका. तिथं माणसं राहतात. पेट्रोल आणि जेवण आधीच उरकून या.

गावाच्या दक्षिणेला, दोन नद्यांच्या संगमावर, फोर्ट डिफायन्स. दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की उजवीकडून मिसिसिपी गढूळ तपकिरी, डावीकडून ओहायो निळसर-हिरवी. वसंतात ही जागाच पाण्याखाली जाते, म्हणून आधी पाणीपातळी बघा. नाव पुढं मिसिसिपीचं चालतं, पण इथं जास्त पाणी ओहायो आणते. टोकावर उभं राहून एकाला एक बांधलेल्या सपाट मालवाहू तराफ्यांच्या (बार्जच्या) माळा बघत बसा. वरच्या मिसिसिपीत बोटी वर-खाली नेणाऱ्या अरुंद जलद्वारांमुळे एका बोटीला साधारण पंधरा तराफे लावता येतात. केरोच्या खाली समुद्रापर्यंत एकही जलद्वार नाही, म्हणून इथं माळा सोडून पुन्हा मोठ्या बांधतात. आमच्या मुलीनं खाली निघालेल्या एका माळेचे तराफे मोजायला घेतले. तिसापर्यंत आली आणि बोट वळणाआड गेली.